लाल डब्यांचे शनिवार

एक्स-रेकाकांना त्यांच्या इमारतीत खऱ्या नावानं कुणी ओळखत नसे. सदतीस वर्षं हॉस्पिटलच्या तळघरातल्या खोलीत लोकांना भिंतीशी उभं करून "श्वास रोखा... हलू नका... सोडा" असं सांगण्यात त्यांची सगळी नोकरी सरली. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण ते शब्द काही निवृत्त झाले नाहीत. लिफ्टमध्ये एखादं माणूस जास्त झालं तरी काका म्हणायचे, "श्वास रोखा," आणि दार उघडलं की "सोडा." पूर्वी लोक हसायचे. आता काकू गेल्यापासून कुणी मोठ्यानं हसत नसे, आणि काकांनाही आपण काही विनोद केला असं वाटत नसे.

त्या शनिवारी ते नेहमीपेक्षा लवकर आवरून बसले होते. नवा टीव्ही यायचा होता. टीव्ही, नवा ॲम्प्लिफायर आणि नवा प्लेअर असा सगळा संच लेकीनं तिच्या गावाहून फोनवर ठरवून पाठवला होता.

"बाबा, नीट ऐका," सकाळीच तिचा फोन आला. "माणूस येईल आणि सगळं जोडून देईल. तुम्ही मध्ये पडू नका."

"मी कशाला पडू मध्ये?"

"तुम्ही पडणारच. आई असती तर तिनं तुम्हाला तेवढा वेळ काहीतरी आणायला पिटाळलं असतं."

काकांनी फोन या कानावरून त्या कानावर घेतला. मग लेकच घाईघाईनं म्हणाली, "आणि बदल्यात जुनं सगळं ते घेऊन जाणार आहेत."

"सगळं म्हणजे?"

"टीव्ही, तो काळा ॲम्प्लिफायर आणि तुमचा तो प्लेअर."

"टीव्ही नेऊ देत. ॲम्प्लिफायर तर आनंदानं नेऊ देत, त्याचा उजवा कान बहिरा आहे. प्लेअर नाही."

"बाबा, त्या प्लेअरच्या डिस्क जगात कुणी विकत नाही आता."

"घ्यायच्यात कुणाला? बत्तीस आहेत घरात. पुरतील मला."

"हट्टी आहात," लेक म्हणाली. तिच्यामागे कुकरची शिट्टी झाली, कुणीतरी लहान रडलं, आणि फोन ठेवला गेला.

ते बत्तीस डबे भिंतीतल्या कपाटात, बरोबर डोळ्यांच्या उंचीवर होते. सगळे लाल. त्या लाल रंगाला एक इतिहास होता, आणि इमारतीतल्या प्रत्येकानं तो निदान एकदा काकांकडून उभ्या-उभ्या ऐकलेला होता.

साध्या डीव्हीडीपेक्षा कितीतरी स्वच्छ चित्र देणाऱ्या दोन नव्या डिस्क एकाच सुमारास बाजारात आल्या होत्या. एक एचडी डीव्हीडी, ती लाल डब्यात मिळायची. दुसरी ब्लू-रे, ती निळ्या डब्यात. दिसायला दोघी जुळ्या बहिणी, पण हिच्या यंत्रात ती चालायची नाही आणि तिच्या यंत्रात ही. काही चित्रपट लाल डब्यातच निघायचे, काही निळ्यातच. शहाणी माणसं म्हणाली, थांबा, दोघींतली एक मरेल, मग घेऊ. काका थांबले नाहीत. त्यांनी चौकोनांची वही आणली, मधोमध रेघ मारली आणि आठ महिने अभ्यास केला. निळीत जास्त मावतं. लालची यंत्रं स्वस्त. लालला देशोदेशीच्या कुलपांची भानगड नाही, कुठल्याही देशातली डिस्क चालते. ही यादी वाढत वाढत वही संपायला आली, आणि शेवटी पारडं झुकलं ते एका भलत्याच कारणानं. निळ्या डिस्कमध्ये चित्र अगदी पृष्ठभागालगत लिहिलेलं असतं, आणि लालमध्ये ते प्लास्टिकच्या सहा दशांश मिलिमीटर आत असतं, असं काकांच्या वाचनात आलं.

"आत आहे ते टिकतं," काका काकूंना म्हणाले. जन्मभर माणसांच्या आतलं बघितलेला माणूस तो, त्याला दुसरं काय पटणार?

त्यांनी लाल यंत्र घेतलं. पाच-सहा महिन्यांत एका मोठ्या चित्रपट कंपनीनं लालची बाजू सोडली. मग दुकानांनी सोडली. आणि महिन्या-दीड महिन्यात यंत्र बनवणाऱ्यांनीच हात वर केले. लढाई संपली, निळी जिंकली. काका तीन दिवस कुणाशी बोलले नाहीत. चौथ्या दिवशी काकू बाजारातून आल्या त्या दोन्ही हातांत पिशव्या घेऊन, आणि पिशव्यांत सगळे लाल डबेच डबे.

"हे काय?"

"दुकानदार टोपलीत घालून मातीमोल विकत होता. म्हटलं, हरलेल्या घोड्याला कुणीतरी चारा घालायला नको का?"

तेव्हापासून शनिवार ठरून गेला. संध्याकाळी साडेपाचला काका डिस्क घालायचे. यंत्र असं मंद की चित्र यायला पुरतं मिनिट जायचं. "तेवढ्यात माझी दोन भांडी होतात," असं काकू म्हणायच्या आणि खरंच स्वयंपाकघरात जायच्या. मग चित्रपट सुरू झाला तरी त्या बराच वेळ तिथेच, स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीला खांदा टेकून उभ्या असायच्या. बैठकीच्या खोलीत टीव्हीसमोर दोन खुर्च्या मांडलेल्या होत्या. मधोमध काकांची, तिच्या डावीकडे काकूंची. काका मान न वळवता म्हणायचे, "उभ्या-उभ्या काय ऐकू येणार? बस की इथं."

"बसते हो. एवढं झालं की."

एवढं कधी व्हायचं, कधी नाही व्हायचं.

आणि आवाजाची रड होतीच. टीव्हीजवळ तीन स्पीकर, खुर्च्यांच्या मागे दोन, शिवाय कोपऱ्यात घुमणारा एक मोठा. सगळं काकांनी स्वतः टेप लावून बसवलं होतं. तरी मागचा उजवा स्पीकर मुखदुर्बळच राहिला. एका चित्रपटात रात्रीच्या स्टेशनवरून मालगाडी जाते. ती डावीकडून पुढून येऊन मागे उजवीकडे निघून जायला हवी. काकांच्या खुर्चीत ती नीट यायची, आणि मागे वळता वळता मध्येच विरून जायची.

"पोचतच नाही मेली," काका चडफडायचे.

"पोचते की," दारातून काकू म्हणायच्या. "माझ्या तर अंगावरून जाते."

"तुझे कान म्हणजे अगदीच!" काका म्हणायचे आणि दुसऱ्या दिवशी शिडी लावून स्पीकर खाली काढायचे. दोनदा वायर बदलली. एकदा डावा स्पीकर उजवीकडे लावून बघितला, तर तो डावाही तिथं गेल्यावर मुका झाला. शेवटी त्यांनी निकाल दिला, ॲम्प्लिफायरचा उजवा कान बहिरा आहे. ॲम्प्लिफायरनं सुरुवातीला आवाज स्वतः मोजून जे आकडे ठरवले होते, ते मात्र त्यांनी कधी उघडून पाहिले नाहीत. सदतीस वर्षांत यंत्र मोजायला चुकलंय असं त्यांनी पाहिलं नव्हतं. हलायचा तो पेशंट हलायचा.

अकरा महिन्यांपूर्वीच्या एका शनिवारी तो मालगाडीचाच चित्रपट लावला होता. मध्येच काकू येऊन आपल्या खुर्चीत बसल्या, आपणहून. काकांना आश्चर्य वाटलं. थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, "अहो, आज दम लागतोय जरा. उरलेलं पुढच्या शनिवारी बघू या का?"

काकांनी यंत्र थांबवलं. नेहमीसारखी वहीत नोंद केली, 'एक तास चार मिनिटं'. मंगळवारी काकूंच्या छातीची फिल्म काढली. काकांच्या जुन्या खोलीत आता काम करणाऱ्यानं ती त्यांच्या हातात दिली आणि तो दुसरीकडे बघायला लागला. काकांनी ती खिडकीशी धरली. डॉक्टरांनी संध्याकाळी जे सांगितलं, ते काकांना सकाळीच कळलं होतं. पुढचा शनिवार काकूंनी पाहिला, पण हॉस्पिटलात. त्याच्या पुढचा नाही.

डिस्क अजून यंत्राच्या पोटातच होती. काकांनी ती काढली नव्हती आणि लावलीही नव्हती. मध्यंतरी टीव्हीवर आडव्या रेघा आल्या आणि तो बंद पडला, तेव्हा खरं सांगायचं तर त्यांना सुटल्यासारखं झालं. शनिवारी साडेपाच वाजले की ते चपला घालून खाली एक फेरी मारून यायचे. पण आता नवा टीव्ही येतो म्हटल्यावर त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं. उरलेलं बघायचं. आणि निदान या वेळी तरी मालगाडी नीट मागेपर्यंत पोचलेली ऐकायची.

माणूस येईल असं लेक म्हणाली होती, पण आली एक बाई. असेल तिशीची. खांद्यावर अवजारांची बॅग, कानामागे पेन्सिल. सामान उचलणारे दोघे खोकी दारात ठेवून पुन्हा खाली गेले. बाईनं आल्या आल्या चप्पल काढली, खोली एका नजरेत मोजली आणि म्हणाली, "काका, स्पीकर कुणी बसवले? काम छान आहे."

काकांच्या मनातला अर्धा राग तिथंच गेला.

"जुनं काय काय द्यायचंय?" तिनं कागद काढला. "टीव्ही, ॲम्प्लिफायर... आणि हा कुठला प्लेअर?" ती खाली वाकली, आणि तिचा चेहराच उजळला. "अगंबाई! एचडी डीव्हीडी! मी कामाला लागले तेव्हा आमच्या उस्तादांनी एक दाखवला होता, शिकवायला म्हणून. चालतो?"

"न चालायला काय झालं?"

"तसं नाही हो. पण हा आमच्या यादीतच नाही. द्यायचा म्हटलात तरी आम्ही घेत नाही."

"ऐकलंस?" काका नकळत रिकाम्या खुर्चीकडे बघून म्हणाले. मग घसा साफ केला. "बरं झालं. तो द्यायचाच नाहीये. नव्या टीव्हीवर त्याचं चित्र आलं पाहिजे, एवढं बघा. बाकी तुमचा नवा प्लेअर चालला काय, न चालला काय, माझं काही म्हणणं नाही."

बाईनं वायरला हात घातला, तसे काका तिला थांबवत म्हणाले, "थांबा. आधी जुने आकडे उतरवून घ्या."

"कशाला? नव्या ॲम्प्लिफायरला माइक लावून पुन्हा मोजायचंच आहे."

"बाई, माझ्याकडे कुणीही आलं की मी पहिलं विचारायचो, जुनी फिल्म आणलीय का? जुनीशी ताडून बघितल्याशिवाय नवीचा अर्थ लागत नाही. घ्या उतरवून. मी लिहितो."

बाईला गंमत वाटली. तिनं ॲम्प्लिफायर सुरू केला, बटणं दाबत त्याच्या पुढच्या हिरव्या पट्टीवर आकडे आणले आणि वाचायला लागली. काकांनी चौकोनांची वही मांडीवर घेतली. ऐकण्याची जागा आणि प्रत्येक स्पीकर यांच्यातलं अंतर, मीटरमध्ये.

"डावा पुढचा, पाच पॉइंट एक. मधला, चार पॉइंट चार. उजवा पुढचा, चार."

काकांची पेन्सिल थांबली. "पुन्हा वाचा."

तिनं पुन्हा वाचलं. तेच.

"असं कसं? माझी खुर्ची मधोमध आहे. डावा आणि उजवा सारखाच यायला हवा, तीन पॉइंट एक. मी स्वतः टेपनं मोजलंय."

"मागचा डावा, तीन पॉइंट तीन," बाई पुढे वाचत होती. तिच्याही कपाळाला आठी पडली. "मागचा उजवा... शून्य पॉइंट नऊ. काका, तुम्ही काय स्पीकरला कान लावून बसता?"

"तोच तो! तोच बहिरा आहे!"

"बहिरा नाही. त्याला वाटतंय की ऐकणारा त्याच्या अगदी जवळ आहे. हाताच्या अंतरावर. म्हणून तो बिचारा हळू बोलतो." तिनं बॅगेतून अंतर मोजायचं छोटं यंत्र काढलं, लाल ठिपका पाडणारं. काकांच्या खुर्चीशी उभी राहिली आणि मान हलवली. मग पाठ खोलीच्या मागच्या बाजूला करून एकेक पाऊल मागे सरकायला लागली. ठिपका कधी या स्पीकरवर, कधी त्या. "चार पॉइंट दोन... चार पॉइंट सात... अजून मागे... पाच. पाच पॉइंट एक." ती थांबली. ठिपका उजव्यावर टाकला. "चार. आणि हा मागचा..." तिनं वर हात केला. स्पीकर तिच्या डोक्याशीच होता. "झालं. ऐकणारा माणूस इथं आहे, काका."

ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिचा खांदा आपोआप चौकटीला टेकला होता.

काकांनी वही मिटली.

त्यांना तो दिवस आठवला. सगळं जोडून झालं होतं, माइक लावून मोजणी तेवढी राहिली होती. मोजताना घरात टाचणी पडल्याचा आवाज नको, असं पुस्तकात लिहिलेलं. आणि नेमकं खालच्या मजल्यावर सुताराचं ठोकणं चाललेलं. काका म्हणाले होते, "मी खाली जाऊन त्याला पाच मिनिटं थांबवतो. ठोकणं थांबलं की तू हे बटण दाब. माइक माझ्या खुर्चीशी धर, कानाच्या उंचीवर. आणि काय करायचं?"

"श्वास रोखायचा, हलायचं नाही, ठाऊक आहे हो. निघा तुम्ही."

ते वर आले तेव्हा यंत्रानं 'झालं' म्हणून दाखवलं होतं. घरात दुधाचा वास होता. काकूंनी माइक व्यवस्थित गुंडाळून ठेवला होता.

"हलली नाहीस ना?"

"श्वाससुद्धा घेतला नाही," काकू म्हणाल्या होत्या, आणि हसल्या होत्या.

कुठं उभी होतीस, हे काकांनी विचारलंच नव्हतं. गॅसवर दूध ठेवलेलं, ते सोडून ती खुर्चीशी कशी येणार? माइकची वायर लांब होती. ती आली दारापर्यंत, आणि तिथं न हलता उभी राहिली. आणि नंतर? नंतर तिला कळलं होतं का? 'माझ्या तर अंगावरून जाते' असं ती म्हणायची, तेव्हा ती चिडवत होती की नुसतं जे ऐकू येतं ते सांगत होती? एवढी वर्षं त्या खुर्चीपासून त्या दारापर्यंत सहा पावलं होती. ते एकदाही उठून तिच्याजवळ उभे राहिले नव्हते. हजारो माणसांच्या बरगड्या मोजलेला माणूस.

"काका? पाणी आणू?" बाईनं विचारलं.

"नको. चालू द्या तुमचं."

बाईनं जुना टीव्ही उतरवला, नवा भिंतीवर चढवला, वायरी ओवल्या. मध्येच तिचा फोन वाजला. "हो रे राजा, शेजारच्या मावशीकडेच थांब. नाही, मांजरीला आंघोळ नाही घालायची. नाही म्हटलं ना? तिलाही नाही आवडत. येते मी." फोन खिशात टाकून ती काकांकडे बघून ओशाळं हसली. काकांनीही हसायचा प्रयत्न केला.

मग लाल यंत्राची पाळी आली. तिनं त्याची वायर नव्या ॲम्प्लिफायरला आणि तिथून टीव्हीला जोडली. काकांनी बटण दाबलं. अकरा महिन्यांनी यंत्राच्या पोटात काहीतरी घरघरलं. पडदा काळाच राहिला.

"त्याला मिनिटभर लागतं," काका म्हणाले.

मिनिट गेलं. दोन गेली. पडदा काळाच.

"येईल," काका म्हणाले. कपाटातले बत्तीस डबे आपल्या पाठीकडे बघताहेत असं त्यांना वाटलं.

बाईनं वायर बदलली. तरी नाही. मग ती मांडी घालून खाली बसली आणि गालाला पेन्सिल लावून विचार करायला लागली. "नवा टीव्ही जरा जास्तच शहाणा आहे," ती स्वतःशीच म्हणाली. "समोरचा आपल्याच भाषेत बोलेल असं धरून चालतो. आणि हा जुना माणूस. थांबा हं." तिनं टीव्हीच्या सेटिंगमध्ये शिरून, ज्या खाचेतून चित्र येणार होतं तिला नव्या पद्धतीवरून जुन्या साध्या पद्धतीवर आणलं.

पडदा एकदा लुकलुकला, आणि समोर रात्रीचं स्टेशन उभं राहिलं. दिवे, ओला फलाट, बाकावर पेटी घेऊन बसलेली बाई. डिस्कचं पहिलं पान. खाली लिहिलेलं, 'सुरू करा'.

"आलं!" बाई टाळी वाजवून म्हणाली. काकांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घातला.

"आता शेवटचं," तिनं नव्या ॲम्प्लिफायरचा माइक खोक्यातून काढला. "हा तुमच्या खुर्चीवर ठेवते, कानाच्या उंचीवर. आता बघा मागचा उजवा कसा बोलतो."

"माइक राहू दे, पोरी," काका म्हणाले. त्यांनी वही उघडून तिच्यापुढे धरली. "हे आकडे घाल. हातानं घालता येतात ना?"

"येतात. पण काका, हे चुकीचे आहेत. तुम्ही बसता तिथं पुन्हा तसंच ऐकू येईल."

"माहीत आहे मला."

तिनं काकांकडे बघितलं, मग दाराकडे, मग डाव्या हाताच्या रिकाम्या खुर्चीकडे. मग तिनं एकेक आकडा वहीतून वाचून घातला. पाच पॉइंट एक. चार पॉइंट चार. चार. तीन पॉइंट तीन. शून्य पॉइंट नऊ आला तेव्हा नवं यंत्र अडखळलं. 'खात्री आहे का?' असं त्यानं पडद्यावर विचारलं. बाईनं 'हो' दाबलं.

सामानवाले जुना टीव्ही आणि काळा ॲम्प्लिफायर घेऊन गेले. बाई चप्पल घालताना म्हणाली, "काही अडलं तर फोन करा. मीच येईन." मग थोडं थांबून म्हणाली, "तसं काही अडलं नाही तरी करा."

"मांजर वाचली का बघ आधी," काका म्हणाले. ती हसत जिना उतरली. तिची पावलं पार खालपर्यंत ऐकू येत होती.

दुपार कशीतरी गेली. लेकीचा फोन आला. "सगळं चालतंय," काका म्हणाले. "आणि आवाज?" तिनं विचारलं. "तो पहिल्यासारखाच आहे," काका म्हणाले. लेक म्हणाली, बाबा, एवढं नवं घेऊन काय उपयोग मग? काका म्हणाले, "तू आलीस की सांगतो." कधी येशील, हे त्यांनी विचारलं नाही, आणि तिनंही सांगितलं नाही.

साडेपाचला त्यांनी यंत्र सुरू केलं. मिनिटभर वेळ होता, म्हणून दूध गॅसवर ठेवलं. एवढंसं, एका कपापुरतं. मग खुर्चीत येऊन बसले आणि चित्रपट एक तास चार मिनिटांवर नेला.

पेटीवाली बाई फलाटावर वाट बघत होती. स्टेशनमास्तर तिला सांगत होता की आता सकाळपर्यंत गाडी नाही. हे सगळं त्यांना पाठ होतं. मग लांबून शिट्टी झाली, डावीकडून. रूळ थरथरले. मालगाडी आली, पडदाभर झाली, काकांच्या बाजूनं मागे वळली, आणि नेहमीसारखी विरून गेली. मागे उजवीकडे काही नाही.

काकांनी चित्रपट मागे नेला. शिट्टीच्या आधी थांबवला. रिमोट हातात घेऊन ते उठले आणि सहा पावलं चालून स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. चौकटीवर एका ठिकाणी रंग उडून लाकूड गुळगुळीत झालेलं होतं. ती जागा काकांच्या खांद्याला जरा खाली पडत होती. त्यांनी गुडघे किंचित वाकवून खांदा तिथं टेकवला, आणि बटण दाबलं.

शिट्टी झाली. गाडी आली ती थेट त्यांच्याच दिशेनं. पुढून, मधून, आणि मग एकेक डबा त्यांच्या डोक्यावरून, कानावरून, अंगावरून धडधडत मागे जाऊ लागला, इतका जवळून की त्यांनी नकळत श्वास रोखला आणि ते हलले नाहीत. कितीतरी डबे होते. त्यांना कधी कळलंच नव्हतं की इतके डबे आहेत.

त्या जागेवरून टीव्ही छान दिसत होता. टीव्हीच्या आधी दोन खुर्च्यांच्या पाठी दिसत होत्या, आणि मधल्या खुर्चीच्या उशीवर, डोकं टेकून टेकून पडलेला खळगा. शनिवारी शनिवारी तिला समोर हेच दिसत आलं असणार. चित्रपट, आणि त्याच्या मधोमध नवऱ्याचं डोकं.

गाडी निघून गेली. फलाट शांत झाला. काका उभे राहिले, कान देऊन. त्या खुर्चीतून कुणी मान न वळवता म्हटलं नाही की, उभ्या-उभ्या काय ऐकू येणार, बस की इथं.

मागे दूध वर आल्याची चाहूल लागली. काकांनी मान वळवली नाही. नुसता हात मागे केला, गॅसचं बटण तिथंच, हाताच्या अंतरावर होतं, आणि ते बंद केलं.

"बसतो," ते म्हणाले. "एवढं झालं की."